गुरुवारचं गरम दोकोनो

एसुआनो गावात दोकोनो करणाऱ्या बाया चाळीस तरी होत्या. त्यातल्या एकोणचाळीस जणींना गिऱ्हाईक शोधावं लागायचं आणि एसी बोत्वेला गिऱ्हाईक आवरावं लागायचं. हे एसीचं स्वतःचं म्हणणं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जिची चूल होती त्या अबा एसुओनला विचारलं तर ती म्हणायची, एसीकडे गर्दी होते ती तिचं भांडण ऐकायला. बोत्वे म्हणजे आईबापांची आठवी, एसुओन म्हणजे सातवी. सकाळी समुद्रावरून येणारे कोळी एकमेकांना विचारायचे, "आज कुणाकडचं रे, सातवीचं की आठवीचं?" आणि दोघींना ऐकू जाईल अशा बेताने विचारायचे.

खरं सांगायचं तर एसीचं दोकोनो चांगलंच होतं. मका दोन दिवस भिजवायचा, पाट्यावर वाटायचा, ते पीठ मडक्यात दोन-तीन दिवस आंबू द्यायचं. मग अर्धं पीठ शिजवून उरलेल्या कच्च्या पिठात मळायचं, केळीच्या पानात गच्च बांधायचं आणि उकडायचं. यातली एकही पायरी ती गाळू द्यायची नाही. कुणी घाई केली तर ती तोंडावर सांगायची, "तुझ्या पोटाला दम नसेल तर रताळं भाजून खा. माझ्या मडक्याला दम आहे."

त्या वर्षी गोऱ्यांच्या राणीची फौज आली. अशांतींच्या राजाशी लढायला ती दूर आत, प्रा नदीपलीकडच्या रानात निघाली होती. आदल्या वर्षी अशांतींनी आमच्या बाजूची निम्मी गावं जाळली होती, त्यामुळे फौजेला कुणी अडवलं नाही. पण गोरा माणूस स्वतःचं ओझं स्वतः उचलत नाही. तोफगोळे, पिंपं, तंबू, साहेबांच्या खुर्च्या, सगळं आमच्या डोक्यावर. एसुआनोचे तीनशे जण, त्यात शंभरावर बाया, चुंबळी बांधून नदीपर्यंत गेले होते आणि तिथेच अडकून पडले होते.

फौजेच्या अन्नधान्याचा कारभार ज्या कप्तानाकडे होता त्याला आम्ही बिस्किटसाहेब म्हणायचो. तो हमालांना मूठभर भात आणि पिंपातलं खारवलेलं डुकराचं मांस द्यायचा. भाताचं ओझं पोटात टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतही टिकायचं नाही, आणि त्या मांसाने जीभ सोलून निघायची. लोक आजारी पडू लागले, मग पळू लागले. शेवटी बिस्किटसाहेबाने गावाला निरोप धाडला. एसुआनोचा आणखी एक हमाल पळाला, तर त्याच्या बदल्यात घरातून दोन माणसं दोरीने बांधून नेली जातील.

हा निरोप घेऊन कोबिना अमिसा आला. तो गावच्या पथकाचा नायक. नदीवरच्या तीनशे जणांचा मुकादमही तोच. आडवा बांधा, मोठा आवाज, आणि बायकांच्या कामाला नाक मुरडायची जुनी खोड. गुरुवारी सकाळी किल्ल्याजवळच्या झाडाखाली गाव जमलं तेव्हा त्याचे गाल बसलेले सगळ्यांनी पाहिले.

"भात खाऊन माणसं ओझं उचलत नाहीत," तो म्हणाला. "आणि मी त्यांना थांबा म्हणून सांगू शकत नाही. मीच मध्यंतरी निघून येणार होतो."

"मग दोकोनो पाठवा," एसी मागच्या रांगेतून म्हणाली.

कोबिना हसला. उपाशी माणसाचं हसणं जरा जास्तच कडू असतं. "एसीताई, नदी तुझ्या अंगणात नाही. पाच दिवसांची वाट आहे, ती पण पावसाने भिजलेल्या रानातली. तुझं दोकोनो तिथे पोचेपर्यंत त्याला दाढी फुटेल."

लोक हसले. अबा एसुओन सगळ्यांत मोठ्याने हसली.

"बुरसटेल नाही," एसी म्हणाली.

"बरं, दगड होईल. तेही चालेल, अशांतींना फेकून मारू. जा बाई, चूल सांभाळ. हे लढाईचं काम आहे."

आता एसीचा राग कसा होता हे गावाला माहीत होतं. मिरची तव्यावर पडावी तसा. ती रांगेतून पुढे आली आणि तिने गावची मोठी शपथ घेतली. आमच्या पूर्वजांवर ज्या दिवशी घाला पडला त्या दिवसाचं नाव घेऊन ती शपथ असते. ते नाव मी इथे सांगत नाही, सांगायचं नसतं. "पुढच्या गुरुवारी," ती म्हणाली, "सूर्य बुडायच्या आत, नदीकाठच्या आपल्या माणसांच्या हातात मी माझ्या हाताने दोकोनो ठेवीन. आणि ते गरम असेल."

म्हाताऱ्यांनी कान धरले. शपथ पाळली नाही तर मेंढ्या कापाव्या लागतात, मामाला पंचांपुढे उघड्या खांद्याने उभं राहावं लागतं, आणि त्या बाईने रांधलेलं अन्न गावात पुन्हा कुणी तोंडी लावत नाही. एसीच्या मामाने, एकोवने, कपाळावर हात मारून घेतला. आमच्यात घरचा कर्ता मामाच असतो, त्यामुळे भाचीच्या तोंडाची शिक्षाही त्यालाच भोगावी लागते.

"गरम का म्हणालीस?" घरी आल्यावर तो ओरडला. "नुसतं दोकोनो म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का?"

"तोंडातून निघालं, मामा."

"तुझ्या तोंडातून निघतं आणि माझ्या गळ्यात पडतं!"

'गरम' या एका शब्दाने काय करून ठेवलं हे एसीला झाडाखालीच कळलं होतं. उकडलेलं दोकोनो पाच दिवस नेता आलं असतं, पण ते थंडच असणार. गरम हवं तर तिथेच उकडायला हवं. तिथे उकडायचं तर आंबलेलं पीठ हवं, आणि इथे आंबवून निघालं तर ते वाटेत आंबून आंबून व्हिनेगर होणार. वाळूत काडीने रेघा मारत ती दुपारभर अंगणात बसून राहिली. अखेर तिने काडी फेकली आणि उठली.

"मडकं जर चुलीपाशी बसून काम करतं," ती मामाला म्हणाली, "तर ते डोक्यावर बसून का नाही करणार?"

हिशेब असा होता. शनिवारी सकाळी मडक्यांत मका आणि पाणी भरायचं आणि डोक्यावर घेऊन निघायचं. मका चालता चालता भिजेल. सोमवारी वाटेतल्या ओसाड गावांत थांबायचं. लोक पळाले तेव्हा शेळ्या नेल्या, भांडी नेली, पण पाटे कोण उचलणार? ते घरांतच पडून होते. त्यांच्यावर वाटायचं, पीठ परत मडक्यात, मडकं परत डोक्यावर. सोमवार ते गुरुवार पीठ चालता चालता आंबेल. गुरुवारी नदीवर फक्त मळायचं आणि उकडायचं.

चाळीस मडकी हवी होती, म्हणजे चाळीस बाया. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस झाल्या. शनिवारी पहाटे अबा एसुओन डोक्यावर मडकं घेऊन दारात उभी राहिली.

"तू कशाला?" एसीने विचारलं.

"तू हरलीस तर गाव म्हणेल, दोकोनोवाल्या बायका हरल्या," अबा म्हणाली. "त्यात मी पण आले. तुझ्यासाठी येते असं समजू नकोस. चल, बघत काय राहिलीस?"

मागे आणखी वीस जणी धुरावलेल्या माशांच्या टोपल्या आणि मिरचीचा ठेचा घेऊन निघाल्या. रस्ता फौजेने तोडून काढलेला, गुडघाभर चिखलाचा. बाया ओळीने चालल्या, आणि चाळीस मडक्यांत मका भिजत चालला. सोमवारी त्यांनी ओसाड गावातले पाटे धुतले, ज्या घरचा पाटा त्या घरच्या नावाने थोडं पाणी जमिनीवर ओतलं आणि दिवसभर वाटलं. मंगळवारी संध्याकाळी अबाने मडक्यावरचं पान उचलून वास घेतला.

"कसं आहे?" एसीने विचारलं.

"वाईट नाही," अबा म्हणाली. अबाच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. एसीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने उगाच मागच्या बायांना चालीवरून झापलं.

बुधवारी सकाळी त्या नदीच्या अलीकडच्या शेवटच्या छावणीत पोचल्या. तिथे लाल मिशांचा एक गोरा डॉक्टर होता. छावणीत हगवणीने माणसं मरत होती आणि तो बिचारा आठ दिवस झोपला नव्हता, हेही सांगायला हवं. त्याला वास आला. त्याने एका मडक्यावरचं पान उचललं, आत फसफसणारं पीठ पाहिलं आणि तो मागे सरला.

"हे कुजलंय," तो दुभाष्याला म्हणाला. "म्हणूनच हे लोक मरताहेत. सगळं खड्ड्यात ओता."

दुभाषी जेकब आमच्याच किनाऱ्यावरचा, मिशनच्या शाळेत शिकलेला. त्याने परोपरीने सांगितलं. एसीने मडक्यात हात घालून पीठ चाटून दाखवलं. अबाने डॉक्टरच्या मेजावरच्या चीजच्या तुकड्याकडे बोट केलं आणि नाक धरलं. डॉक्टरने ऐकलं नाही. शिपायांनी चाळीसही मडकी एकेक करून खड्ड्यात उपडी केली आणि वर चुना टाकला. पाच दिवसांचं पीठ मातीत गेलेलं बघून बायांनी तोंडात पदर कोंबले. एसी रडली नाही. तिला फक्त मामाचे उघडे खांदे दिसले.

"मडकी पण धुवायची," डॉक्टर म्हणाला. "चुन्याने, आतून-बाहेरून."

जेकबने ते सांगितलं. अबाने एसीचा चेहरा पाहिला आणि भांडण होणार म्हणून ती अंग आवरून उभी राहिली. पण एसीने मान खाली घातली आणि जन्मात कधी काढला नव्हता असा मऊ आवाज काढला.

"साहेबांना सांग, शिपायांना कशाला त्रास? आम्ही धुतो ना."

मडकी ओढ्यावर नेली. तिथे पोचताच ती अबाला हळूच म्हणाली, "आतून कुणी हात लावायचा नाही. बाहेरून असं घासा की साहेबाला त्यात आपल्या मिशा दिसतील."

अबाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ती ओढ्यात बसून पोट धरून हसली. आमची मडकी बिनझिलईची, पाणी शोषणारी. वर्षानुवर्षांचा आंबटपणा त्यांच्या भिंतीत मुरलेला असतो. वर आत्ताच ओतलेल्या पिठाचा थर चिकटलेला. बायांनी तो बोटांनी खरवडून एका जागी केला. तीन ओंजळी भरल्या. पण तीन ओंजळी विरजणाने काय होतं? मका कुठे होता?

मका छावणीतच होता. फौजेने खेचरं आणली होती आणि त्यांच्यासाठी मक्याच्या गोण्या. खेचरं इथल्या हवेने पटापट मेली, गोण्या उरल्या. एसीने जेकबला पुढे करून त्या मागितल्या.

"तो जनावरांचा आहे," डॉक्टर म्हणाला. त्याला आता थोडी लाज वाटत असावी, कारण त्याने आवाज उतरवला होता. "माणसांना कसा देऊ?"

"जनावरं मेली," एसी म्हणाली. "आणि आम्हाला तुम्ही जनावरांसारखीच ओझी दिलीत. मग मका तरी द्या."

जेकबने यातलं पहिलंच वाक्य इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरने मान डोलावली.

मका पाट्यावर नुसता भरडला, उकळतं पाणी ओतून भिजवला, म्हणजे दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत झालं. मग साठच्या साठ जणी वाटायला बसल्या. छावणीत सहाच पाटे होते, बाकीच्यांनी ओढ्यातले सपाट दगड घेतले. तिन्हीसांजेला पीठ मडक्यांत गेलं आणि प्रत्येक मडक्यात त्या तीन ओंजळींतलं चिमूटभर आंबट. एसीने मडक्यांना उबेसाठी बायांच्या अंगावरची जादा वस्त्रं गुंडाळायला लावली. बाया कुडकुडल्या, मडकी ऊबदार राहिली.

"होईल का गं?" अबाने विचारलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"माहीत नाही," एसी म्हणाली. "मी आजवर मडक्याला घाई केली नाही. आता त्याचे पाय धरते."

गुरुवारी दिवस उजाडता उजाडता त्या निघाल्या. शेवटची मजल. ऊन कडक पडलं आणि एसीने आयुष्यात पहिल्यांदा उन्हाला आशीर्वाद दिला. दुपारी तिने पान उचललं. पीठ वर आलं होतं. बारीक बुडबुडे होते, आणि वास, अगदी हलका, पण आपला. तिने मडकं अबाच्या नाकाखाली धरलं, आणि दोघी तशाच भरधाव चालू लागल्या.

नदीकाठी पोचल्या तेव्हा सूर्य झाडांच्या वर तीन हात होता. तिथलं चित्र बघून बाया थबकल्या. नदीवर नवा लाकडी पूल उभा होता आणि त्याच्यापुढे फौज चालीच्या रांगेत सज्ज, पाठीला पिशव्या, खांद्याला बंदुका. अंधार पडायच्या आत पलीकडे जायचा हुकूम होता. आणि पुलाच्या तोंडाशी एसुआनोचे तीनशे जण ओझ्यांशेजारी जमिनीवर बसलेले. चुंबळी काढून पुढ्यात ठेवलेल्या. चुंबळ काढून ठेवली म्हणजे आता उचलणार नाही, एवढं बिस्किटसाहेबालाही कळत होतं. भोवती संगिनी लावलेले शिपाई उभे होते आणि साहेब लालबुंद होऊन ओरडत होता.

एसीने कुणाकडेही पाहिलं नाही. "चुली!" ती ओरडली.

साठ बाया कामाला लागल्या. दगड मांडले, लाकडं शिपायांच्या ढिगातून उचलली, पाणी नदीचं, केळीची पानं काठावरची. अर्धं पीठ शिजवलं, उरलेल्यात मळलं. मोठी करायला वेळ नव्हता म्हणून मुठीएवढीच बांधली आणि हमालांच्या भाताच्या हंड्यांत रचली. मग वाट बघणं. सूर्य दोन हात राहिला, मग एक. तीनशे माणसं जागची न हलता वाफेकडे बघत होती. कोबिना अमिसा सर्वांत पुढे बसला होता. नदीवर परत आल्यापासून तो आणखी वाळला होता.

सूर्य झाडांना टेकला तेव्हा एसीने हंड्याचं तोंड उघडलं. उकळत्या पाण्यात बोटं घालून पहिलं दोकोनो काढलं आणि ती कोबिनापुढे जाऊन उभी राहिली. शपथ त्याच्या तोंडावर घेतली होती, म्हणून आधी त्याच्याच हातात पडायला हवं होतं. त्याने हात पुढे केला नाही तर? एवढं एक तिच्या मनात येऊन गेलं.

कोबिनाने दोन्ही हात पुढे केले. आमच्यात दोन्ही हातांनी घेणं हे मोठ्यांकडून घेणं असतं. चटका बसला तशी त्याने ते या तळव्यावरून त्या तळव्यावर उडवलं, पान सोललं, एक घास मोडला आणि डोळे मिटून चावत राहिला.

"आंबट कमी आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," एसी म्हणाली.

"पण गरम आहे." त्याने मान वर केली आणि पुलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ऐका रे! एसी बोत्वेने शपथ पाळली! मी साक्षीदार आहे!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मासा कुठाय, ताई?"

आरोळी उठली. बाया रांगेतून फिरू लागल्या, प्रत्येकाच्या हातात दोकोनो, माशाचा तुकडा, ठेचा. अबा एसुओन वाढताना ओरडत होती, "सातवीच्या हातचं आहे बरं हे! सावकाश खा, जीभ भाजेल!" माणसं खात होती आणि काही जणांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं असेल.

बिस्किटसाहेब जेकबला घेऊन आला. हातात घड्याळ. "छान," तो म्हणाला. "या बाईला सांग, आता तिने यांना ओझी उचलायला सांगावं. लगेच. सगळी फौज खोळंबली आहे."

जेकबने सांगितलं. एसीने कमरेवर हात ठेवले.

"मी खाऊ घालायची शपथ घेतली होती," ती म्हणाली. "उचलायला लावायची नाही. उचलायचं की नाही ते पोट भरल्यावर ज्याचं तो ठरवील. आणि आमच्यात जेवणाऱ्या माणसाला कुणी उठवत नाही. साहेबांना म्हणावं, थांबा."

या वेळी जेकबने सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

साहेबाने कोबिनाकडे पाहिलं. कोबिनाने रिकामं पान नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि एसीपुढे हात केला. "आणखी एक."

साहेब वळला. तीनशे माणसांच्या शेजारी तीनशे ओझी पडली होती, आणि त्या ओझ्यांत त्याचे तोफगोळे होते, औषधं होती, त्याचं रात्रीचं जेवणही होतं. त्यातलं एकही त्याच्या फौजेला उचलता येत नव्हतं. त्याने घड्याळ खिशात टाकलं आणि हात वर करून सैनिकांना थांबायची खूण केली. रांगेतल्या बंदुका खांद्यावरून खाली आल्या.

एसीने कोबिनाच्या हातावर दुसरं दोकोनो ठेवलं. मग ती पुढच्याकडे गेली, त्याच्याही पुढच्याकडे, कुठेही घाई न करता, कुणाला मासा पुरला की नाही हे विचारत. राणीची फौज पुलापाशी उभी राहिली. आमची माणसं जेवत बसली होती.